आत गेलेल्या म्हाताऱ्या

शनिवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी पारा एका पांढऱ्या गाडीच्या उघड्या बॉनेटमध्ये दोन्ही हात घालून उभा होता. डावा हात रेडिएटरच्या वरच्या पाइपवर, उजवा खालच्या. इंजिन चालू, डोळे मिटलेले. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, माणूस उभ्याउभ्याच झोपलाय. तो झोपलेला नव्हता, पण जागाही पुरता नव्हता. काम करताना तो असाच असतो.

वरचा पाइप तापला होता. खालचा इतका वेळ गार होता, तो आता कोमट झाला. म्हणजे आतली झडप उघडली आणि पाणी फिरायला लागलं. इंजिनात तापलेलं पाणी वरून रेडिएटरमध्ये येतं, त्याच्या बारीक नळ्यांतून उतरताना निवतं आणि खालून परत जातं. थोड्या वेळाने फॅन आपणहून सुरू झाला, गरगरला, बंद पडला. काचेमागचा काटा मध्यावर येऊन थांबला आणि तिथून हलला नाही.

"नाटकी आहे," पारा गाडीला म्हणाला.

"कोण, मी?" पडद्यापलीकडून त्याच्या बायकोने विचारलं.

"तू नाहीस. ही."

"मग ठीक आहे."

खोली एकच आहे. मधोमध जाड निळा पडदा. पडद्याच्या अलीकडे गॅरेज, पलीकडे बायकोचं शिवणकाम. इकडे तेलाचा वास, तिकडे नव्या कापडाचा, आणि दोन्ही वास पडदा जुमानत नाहीत. तिच्याकडून शिवून घेतलेल्या कपड्यांना घरी नेल्यावर किंचित पेट्रोलचा वास येतो, अशी तक्रार अधूनमधून असते. ती म्हणते, "एक धुणं होऊ द्या."

पारा हे त्याचं नाव नव्हे. बसच्या आगारात रात्रपाळीला असताना सहकाऱ्यांनी ते ठेवलं. तापलेल्या इंजिनांची कामं सगळी त्याच्याकडे यायची, आणि त्याचा स्वतःचा पारा चढलेला कोणी पाहिला नव्हता. आगार सुटलं, नाव राहिलं. झोप मात्र गेली. इतकी वर्षं रात्री जागल्यावर शरीराला रात्र म्हणजे काय ते कळेनासं झालं. आता तो पलंगावर पडून छताकडे बघतो, आणि दिवसा गॅरेजात त्याच्या पापण्या जड होतात. बायको म्हणते, या माणसाचं घड्याळ बरोबर आहे, फक्त दुसऱ्या देशाचं आहे.

आगारातून त्याने आणखी एक गोष्ट आणली. मोडीत निघालेल्या बसचं दोन माणसांचं बाकडं. ते गॅरेजाच्या दाराशी भिंतीला लावून ठेवलेलं आहे आणि त्याचा एक नियम आहे. तापलेली गाडी आली की बॉनेट लगेच उघडायचं नाही. गाडी निवेपर्यंत मालकाने बाकड्यावर बसायचं आणि सांगायचं. काय झालं ते नव्हे. ते सगळेच सांगतात. कुठे होतात, किती वेगात होतात, ऊन कुठून येत होतं, गाडीत कोण होतं. सांगता सांगता माणसं पेंगतात. इंजिन निवताना आतलं लोखंड आकसतं आणि टिक, टिक असा आवाज करतं, आधी भरभर, मग लांब लांब अंतराने. तो आवाज ऐकत त्या बाकड्यावर वकील झोपले आहेत, भाजीवाले झोपले आहेत, एकदा एक नवरदेव झोपला होता. नियम कुठून आला ते पाराच्या उजव्या हातावर दिसतं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, जरा चकाकणारी. तरुणपणी एकदा त्याने तापलेल्या रेडिएटरचं झाकण घाईने उघडलं होतं.

पांढरी गाडी गुरुवारी दुपारी आली होती. चालवणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. उंची कमी असल्याने सीटवर उशी घेऊन बसतात. उतरताना ती उशी काखेत मारूनच उतरल्या, आणि बाकड्यावर ठेवून तिच्यावर बसल्या.

"तुम्हाला सगळे पारा म्हणतात असं कळलं. मी म्हणणार नाही. मिस्त्री म्हणेन."

"चालेल, बाई."

"गाडी तापते."

"कधी?"

"रविवारी."

पाराने मान वर केली. "आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी ती भाजी आणायला जाते. भाजी आणताना कोण तापतंय?"

मग त्यांनी नीट सांगितलं. गावाबाहेरच्या टेकडीवर वृद्धांसाठी एक घर आहे. तिथे बाईंची मोठी बहीण असते. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. बाईसुद्धा कधी ओळखू येतात, कधी नाहीत. ताई बसत नाही आणि झोपत नाही. त्या घराच्या लांबलचक व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहते, दिवसा चालते, रात्री चालते, भिंतीला हात लावून परत फिरते. फक्त रविवारी बाई गाडी घेऊन जातात. ताई पुढच्या सीटवर बसते, बाई इंजिन चालू ठेवतात, आणि ताई झोपते. तास, दीड तास. तोंड किंचित उघडं टाकून, लहान मुलीसारखी. तिथली नर्स म्हणते, आठवड्यातली खरी झोप ती एवढीच.

"गाडी उभीच असते?" पाराने विचारलं.

"झाडाखाली उभी. जायचंय कुठे? आमचे वडील दुधाचा टेम्पो चालवायचे. पहाटे आम्ही दोघी त्यांच्या शेजारी कोंबलेल्या असायचो, झोपेतच सगळं गाव पालथं घालायचो. इंजिन चालू आहे म्हणजे अजून पोचलो नाही, असं असणार तिच्या डोक्यात. मला तरी तसंच वाटतं."

"दुसऱ्या गाडीत?"

"तिच्या मुलाची नवी गाडी आहे. आवाजच येत नाही तिचा. त्यात ताई ताठ बसते, दाराचा दांडा धरून, आणि विचारते, हे कोणाचं घर?"

मुलगा, म्हणजे बाईंचा भाचा, दातांचा डॉक्टर. वाईट माणूस नव्हे. पण गाडी दोनदा चढावर वाफा सोडत उभी राहिली. दुसऱ्यांदा बाई भर उन्हात तास दीड तास रस्त्याच्या कडेला ताटकळल्या, तेव्हा त्याने निकाल दिला. आता एकदा जरी काटा लाल रेषेला टेकला, तरी गाडी विकायची. गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं.

"त्याचा धंदाच तो," बाई म्हणाल्या. "दुखलं की उपटा."

त्याआधी गाडी दोन गॅरेजं फिरली होती. एकाने पाण्याचा पंप बदलला, दुसऱ्याने झडप आणि रेडिएटरचं झाकण. पाराने दोन दिवस घेतले. नवी झडप काढून पातेल्यातल्या गरम पाण्यात सोडली. ती वेळेवर उघडली. इंजिनाचं तेल बोटावर घेऊन बघितलं, त्यात पाणी मिसळून दुधाळ झालेलं नव्हतं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नव्हते. आतल्या नळ्या धुतल्या, पाणी आलं तसं स्वच्छ गेलं. पुढून टॉर्च मारला. सगळ्यात पुढे एसीची जाळी होती. एसी केव्हाच मेलेला, पण त्याची जाळी आपल्या जागी, साफ. मागून बघावं तर फॅनचं झाकण आड येतं. म्हणजे हात लावण्यासारखं सगळं हात लावून झालं होतं, आणि शनिवारी सकाळी काटा मध्यावर उभा राहून त्याच्याकडे बघत होता.

"उद्या मी येतो बरोबर," पाराने बाईंना फोनवर सांगितलं. "ती जिथे आजारी पडते तिथेच बघायला हवी."

रविवारी नऊला निघाले. बाई उशीवर, पारा शेजारी, नजर काट्यावर. सपाटीला काटा मध्यावर. पहिलं वळण, मध्यावर. दुसऱ्या वळणानंतर जरा सरकला, पेंगणाऱ्या माणसाची मान सरकावी तसा. तिसऱ्यानंतर सरळ चढायलाच लागला.

"हीटर लावा," पारा म्हणाला.

"उन्हाळा आहे, मिस्त्री."

"इंजिनाची उष्णता आत घ्यायची. तेवढीच तिची कमी होते."

बाईंनी हीटर लावला, काचा खाली केल्या. आत भट्टीचं तोंड उघडल्यासारखी हवा आली. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ, शाळेची तपासणी चालू असल्यासारख्या. काटा हळूहळू वर गेला आणि लाल रेषेच्या अगदी अलीकडे थबकला.

"टेकला?"

"नाही."

"खात्री?"

"एक केस मावेल एवढी जागा आहे."

"तुमच्या डोक्यावर केस आहेत कुठे?"

"म्हणूनच मोजूनमापून वापरतो, बाई."

वर फाटकात भाचा उभा होता. हातात फळांची पिशवी.

"मावशी, काटा?"

"टेकला नाही."

भाच्याने खिडकीतून हात आत घातला आणि लगेच मागे घेतला. "मग हीटर का लावलायस?"

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. खोटं बोलायचं त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि खरं आता सोयीचं नव्हतं.

"बरं," भाचा म्हणाला. "पुढच्या रविवारी मी शेजारी बसणार. हीटर बंद. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गिऱ्हाईक येतंय. त्याला ये म्हणायचं की नको, ते त्या रविवारी ठरेल." मग पाराकडे वळला. "तुमच्यावर राग नाही हं. पण आईला भेटायला जाणारी बाई रस्त्यावर भाजून निघाली, तर मी काय करू?"

"बरोबर आहे तुमचं," पारा म्हणाला. ते बरोबरच होतं. भाचा पिशवी नर्सच्या हाती देऊन दवाखान्याकडे परत गेला; रविवारी सकाळी त्याच्याकडे गर्दी असते.

गाडी जराशी निवल्यावर बाईंनी ती नेहमीच्या जागी नेली. व्हरांड्यापासून पंचवीस पावलांवर उंच झाडांची रांग आहे, खाली दाट सावली. नर्स ताईला घेऊन आली. ताई बाईंपेक्षा उंच, हाडकुळी, पायात कापडी बूट. पुढच्या सीटवर बसली, मागे वळून पाराकडे पाहिलं. तो आता मागे बसला होता.

"ड्रायव्हर," ताई म्हणाली, "सावकाश."

"हो, ताई."

इंजिन चालू होतं. गाडी जागच्या जागी बारीक थरथरत होती, दाराच्या कप्प्यातली नाणी किणकिणत होती. ताईचं डोकं एका बाजूला कललं. बाईंनी तिचा हात हातात घेतला नाही. पिशवीतून पेन काढून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायला घेतलं.

पाराने ठरवलं होतं की जागं राहायचं. काट्यावर लक्ष ठेवायचं, फॅन किती वेळाने लागतो ते बघायचं. काटा मध्यावर होता. फॅन लागला, लागलेलाच राहिला. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली, पण खूप लांबून, कोणीतरी दुसऱ्या खोलीत बोलत असल्यासारखी. सीट जुनी आणि खोल होती. थरथर पाठीतून मानेत आली, मानेतून डोळ्यांत. आगार आठवलं. पहाटेच्या बसेस रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या असायच्या आणि तो त्यांच्या मधल्या गल्लीतून चालायचा. मग ती गल्ली लांब झाली, व्हरांड्यासारखी, आणि तो भिंतीला हात लावून परत फिरला.

पापण्या उघडल्या तेव्हा हवा पांढरी होती.

आधी त्याला वाटलं, अजून झोपेतच आहोत. झाडांच्या शेंगा उन्हात फुटत होत्या आणि त्यांतून म्हाताऱ्या निघत होत्या. लहानपणी फुंकर मारून उडवायच्या त्या, मधे बी आणि भोवती रेशमासारखे केस. शेकडो. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात आल्या की लखलखायच्या, सावलीत गेल्या की नाहीशा. वारा जवळजवळ नव्हता, त्या कुठेही जाऊ शकत होत्या. पण गाडीच्या तोंडासमोरच्या काही कुठेही जात नव्हत्या. त्या एका दिशेने जात होत्या. संथ, ओळीने, मुलं शाळा सुटल्यावर नव्हे, शाळा भरताना जातात तशा, गाडीच्या नाकाकडे.

पारा अर्धवट झोपेत ते बघत राहिला. एक म्हातारी काचेसमोर आली, क्षणभर थांबली, खाली वळली आणि बॉनेटच्या पुढच्या कडेखाली गेली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. आत जाताना सगळ्या दिसत होत्या. गाडीच्या खालून, बाजूने, मागून बाहेर पडताना एकही दिसली नाही.

त्याचा सगळा जन्म पाण्यात गेला होता. पाणी फिरतं का, पाणी गळतं का, पाणी उकळतं का. हात लावला की पाणी कळतं. रेडिएटरला पाण्याइतकीच हवा लागते हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हवा हाताला लागत नाही आणि डोळ्याला दिसत नाही. आज ती दिसत होती.

दार न वाजवता तो खाली उतरला. पुढे जाऊन गुडघ्यांवर बसला, हवेतली एक म्हातारी चिमटीत धरली आणि गाडीच्या तोंडासमोर सोडली. ती गेली. एसीच्या मेलेल्या जाळीच्या कडेला बोटभर फट होती, तिथून आत. टॉर्चच्या उजेडात पुढची जाळी साफच दिसत होती. तिच्यामागे काय आहे ते कुठल्याच बाजूने दिसत नव्हतं.

बाईंनी काच खाली केली. "काय करताय?" कुजबुजत.

"बघतोय."

"झोपला होतात."

"झोपूनच बघत होतो."

उतरताना काटा मध्यावर होता. उताराला गाडीला कष्ट नसतात.

सोमवारी सकाळी त्याने रेडिएटरच्या वरचे दोन बोल्ट काढले, फॅन सोडवला आणि रेडिएटर हलकेच मागे कलता केला. दोन जाळ्यांच्या मधे हात घातला. हाताला मऊ लागलं. बोटांनी कडा शोधून त्याने ते वर ओढलं, तर सुटं सुटं न येता अख्खं निघालं. रेडिएटरच्या मापाची एक गोधडी. वरच्या बाजूला पांढरी, खालच्या बाजूला करडी, दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली, मधूनमधून फुलपाखरांचे पंख आणि वाळकी पानं.

"अगं, इकडे ये."

बायको सुई तोंडात धरून पडद्याबाहेर आली. तिने कडेला धरून ती गोधडी उजेडात धरली, उलटसुलट केली. सुई काढून म्हणाली, "कोणी भरलीय? टाके नाहीत आणि सारखी आहे."

"फॅनने."

"त्याला माझ्याकडे पाठवा."

गाडी उभी असताना वारा पुढून येत नाही. फॅन हवा ओढतो. झाडाखाली तासतासभर इंजिन चालू, फॅन ओढतोय, आणि हवेबरोबर म्हाताऱ्या येतायत. एसीच्या जाळीच्या कडेने त्या आत शिरल्या आणि रेडिएटरवर बसल्या. पाणी छान फिरत होतं, पण त्याला निववायला हवाच मिळत नव्हती. सपाटीवर उरल्यासुरल्या फटींतून भागायचं. चढावर भागत नव्हतं.

दुपारी बाई आल्या. पाराने गोधडी बाकड्यावर वाळत घातली होती, ती दाखवली आणि कारण सांगितलं. बाईंनी एक कोपरा बोटांत धरून त्याची जाडी पाहिली.

"म्हणजे ती झोपायची तेव्हा हे होत होतं."

"हो."

"जितकी जास्त झोपली तितकं जास्त."

"हिशेब बरोबर आहे, बाई."

"हिशेब माझे बरोबरच असतात." त्या बाकड्यावर बसल्या. या वेळी उशी विसरल्या होत्या. "मग काय, इंजिन बंद करू? केलं होतं मी एकदा. बंद होतंय न होतंय तोच ती जागी झाली. म्हणाली, आलो का? आणि उतरली. लागली चालायला."

"गाडी दुसरीकडे उभी करता येईल?"

"दुसरीकडे ऊन. उन्हात ती बसत नाही."

पाराने रेडिएटर आता पुढे कलता केला आणि मागून पुढे पाण्याची बारीक धार सोडली. जोराने सोडली तर पातळ पत्रे वाकतात आणि मग तेच हवा अडवतात. वाकलेले होते ते त्याने एकेक करून सरळ केले, भांग काढावा तसे. मेलेल्या एसीची जाळी त्याने परत लावलीच नाही. नसलेल्या थंडाव्यासाठी खऱ्या हवेची वाट कशाला अडवायची. पण म्हाताऱ्या येतच राहणार होत्या, शेंगा अजून महिनाभर तरी फुटणार होत्या.

त्याने जाळीच्या कापडाचा एक तुकडा गाडीच्या तोंडावर धरून पाहिला. फॅन सुरू केला तर कापड आत ओढलं जाऊन चिकटलं आणि काटा सरकला. कापड काढलं, काटा परत आला.

"विरळ कापड घे," तो बायकोला म्हणाला.

"विरळ घेतलं तर त्या आत जातील."

"मग दाट."

"मग हवा जाणार नाही. अहो, जागा तेवढीच ठेवायची आणि कापड वाढवायचं, एवढं कळत नाही? घागऱ्याला काय करतात?"

तिने तारेची चौकट मागितली आणि तिच्यावर दुप्पट लांबीचं कापड चुण्या घालून बसवलं, बारीक बारीक चुण्या, पुढे फुगलेलं. चुण्यांमुळे हवेला भोकं जास्त मिळतात. फॅन सुरू केला. कापड किंचित आत-बाहेर झालं, श्वास घेतल्यासारखं, आणि काटा मध्यावर राहिला.

"गाडी चालवताना काढायचा बरं का हा पडदा," पारा बाईंना म्हणाला. "चढावर हाही नको."

"आणि विसरले तर?"

यावर बायकोने उत्तर दिलं. उरलेल्या लाल कापडाची एक लांब पट्टी शिवली, टोकाला हुक. पडदा लावला की पट्टी स्टिअरिंगच्या चाकावर अडकवायची. चाकावर लाल दिसलं की हलायचं नाही.

"शाळेत असता तुम्ही," बाई तिला म्हणाल्या, "तर पहिल्या बाकावर बसवलं असतं."

"बसले असते, पण झोपले असते. हे बघताय ना कोणाबरोबर राहते ते."

रविवारी भाचा पुढे बसला. दवाखाना त्याने दुपारपर्यंत बंद ठेवला होता. हीटर बंद, काचा वर. पारा मागे. भाचा काट्याकडे असा बघत होता जसा तो रोज लोकांच्या तोंडात बघतो, मान किंचित वाकडी, वाईट बातमीसाठी तयार. पहिलं वळण. दुसरं. दुसऱ्यानंतर काटा थोडा हलला आणि बाईंचे हात चाकावर आवळले गेले. फॅन लागला. काटा परत आला. तिसरं वळण गेलं, त्यापुढचा लांब सरळ चढ गेला, डाव्या हाताला दरी आली आणि गेली. वर पोचल्यावर भाच्याने काट्याच्या काचेवर टकटक केलं, काटा अडकलेला नाही ना ते बघायला. काटा अडकलेला नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"ठीक म्हणजे?" बाई.

"ठीक म्हणजे ठीक, मावशी. सगळं फोडून सांगायला मी काय तुझ्या वर्गात आहे?"

पाराने पडदा बसवला, बाईंनी लाल पट्टी चाकावर अडकवली. नर्स ताईला घेऊन आली. भाचा मागे पाराशेजारी सरकला. ताई बसली, मागे वळली, मुलाकडे पाहिलं. ओळख पटल्याचं काही दिसलं नाही. मग पाराकडे.

"ड्रायव्हर, आज दोघं?"

"हो, ताई."

"सावकाश जा मग."

आणि ती झोपली. म्हाताऱ्या आल्या, पडद्याच्या चुण्यांत अडकून बसल्या, एकेक करत पडदा पांढरा होत गेला. भाच्याने आईला झोपलेलं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तो नेहमी तिच्याबरोबर व्हरांड्यात चालायचा. त्याने पुढे वाकून तिचं उघडं तोंड पाहिलं.

"खालची दाढ किडलीय," तो हळूच म्हणाला.

"गप," बाई कोड्यातून डोकं वर न काढता म्हणाल्या.

थोड्या वेळाने तो दार न वाजवता उतरला, झाडांच्या रांगेपलीकडे बराच लांब गेला आणि तिथून फोन केला. काय बोलला ते गाडीत ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा पारा झोपला होता, हनुवटी छातीवर, भाजलेला हात मांडीवर उताणा. भाचा परत आत बसला नाही. नर्सकडून खुर्ची मागून घेतली आणि गाडीजवळच बसून राहिला.

परतताना बाईंनी किल्लीला हात लावला आणि थांबल्या. चाकावर लाल होतं.

त्याला आता महिना होत आला. गिऱ्हाईक आलं नाही. ती गोधडी बायकोने टाकू दिली नाही. तिची उशी शिवली आणि बाकड्यावर ठेवली. आज शनिवार. दुपारी पाराने बाईंचा पडदा धुवून दाराच्या खिळ्याला वाळत टाकला, आणि निळ्या पडद्यापलीकडे सांगितलं की सकाळी लवकर उठव.

"झोपलात तर उठवीन," पलीकडून उत्तर आलं.

उद्या रविवार, गॅरेज बंद. पांढरी गाडी नऊ वाजता दाराशी येईल. तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मागच्या सीटवर डावीकडे पारा बसेल.